मेलबर्नला नेमकं गेलं काय?

मी आयुष्यात एकही वाद्य वाजवलेलं नाही. मी ती फक्त परदेशी पाठवली. वजन, लांबी-रुंदी-उंची, खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र, म्हणजे 'जपून', आणि कागदाखाली माझी सही. त्यामुळे 'एखाद्या जुन्या, दुर्मिळ वाद्याशी तुमचा संबंध आला असेल तर लिहा' असा या अंकाचा निरोप आला तेव्हा मी तोंड भरून हो म्हटलं आणि मग दोन दिवस डोकं धरून बसले. ते वाद्य जुनं होतं का, आणि मी जे पाठवलं ते मुळात ते वाद्य होतं का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. सही मात्र आहे.

आधी धंदा सांगते. न्हावा शेवा बंदरातून माल जातो तो ट्रकमधून उतरवला आणि बोटीत टाकला, असा जात नाही. खोक्यात काय आहे, किती आहे, कशाचं आहे, हे आधी सरकारला लिहून द्यावं लागतं. ते लिहून देणारी माणसं म्हणजे आम्ही, क्लिअरिंग एजंट. मग माल सीएफएसला जातो. सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं अवाढव्य गोदाम. तिथे कस्टमचे साहेब हवं ते खोकं उघडतात, आमच्या कागदाशी ताडून बघतात, मग माल कंटेनरात भरायचा आणि दाराला सील. हे सील सोडवता येत नाही, तोडावंच लागतं. आणि तोडायचं तर परवानगी, आणि परवानगीसाठी कारण.

थोडक्यात, जगातल्या प्रत्येक वस्तूला एक नाव आणि एक नंबर शोधायचा, हे माझं काम. मी उरणकडच्या आगरी घरातली. माझ्या बापाने जन्मभर मिठागरात एकच वस्तू हाताळली, आणि तो म्हणायचा, मीठ काय, कुणाला कळलंय? मला मात्र जिलेटिनपासून गालिच्यापर्यंत सगळं कळायचं. नंबर सापडला की वस्तू कळली, इतकं सोपं होतं माझं. बेलापूरच्या त्या ऑफिसात माझ्याइतकी शहाणी बाई दुसरी नव्हती, आणि हे मी कुणालाही विसरू देत नसे.

एकदा एक गृहस्थ आईचा पाटा-वरवंटा लंडनला न्यायचा म्हणून आले. मी नंबर शोधला आणि लिहिलं, 'घडीव दगड, दोन नग'. ते हळूच म्हणाले, "दगड नका ना लिहू, बाई." मी म्हटलं, "मग काय लिहू? चटणी?" सगळं ऑफिस हसलं. सगळ्यांत जास्त मी. त्यांचा चेहरा आज आठवतो. तेव्हा बघितलाच नव्हता. दुसऱ्या एका बाईंनी खोक्यावर लिहिलं होतं 'पुस्तके', आणि तपासणीत खालून तेल गळायला लागलं. आत लोणच्याच्या बरण्या. साहेबांनी विचारलं, "हे कुठलं पुस्तक?" बाई म्हणाल्या, "सासूबाईंचं." साहेबही हसले. मला मात्र सगळे कागद नव्याने करावे लागले.

आता कामतांचं सांगते. बारा-चौदा वर्षं झाली असतील. मी पंचावन्नची होते, म्हणजे अगदीच पोर.

कामत सीवूड्सला राहायचे. निवृत्त इंजिनिअर. नवरा-बायको मुलाकडे मेलबर्नला कायमचे चालले होते आणि घरसामान बोटीने पाठवत होते. यादी इंजिनिअरच्या शिस्तीची. शेवटच्या ओळीत लिहिलेलं, 'घांगळी, एक नग'. मी फोन केला. "कामतसाहेब, ही भाजी आहे का?"

"वाद्य आहे हो! वारली लोकांचं. वाशीच्या प्रदर्शनात घेतलं. नुसतं जुनं नाही, सात पिढ्यांचं आहे, पाटीलबाई!"

एजंटला असं अभिमानाने कुणी सांगू नये. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. सात पिढ्या म्हटल्यावर मी ती वस्तू आधी ऑफिसात पाठवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती घांगळी ऑफिसात आली. हातभर लांब बांबूची काठी, तिच्या दोन्ही टोकांना खाली एकेक वाळलेला भोपळा, वरून ताणलेल्या तारा. काठीवर काळपट मेणाचे उंचवटे, ज्यांच्यावर तार दाबली की सूर बदलतो. आणि टोकाला मोरपिसांचा झुबका. मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी, म्हणून मी आधी तो झुबका काढला आणि माझ्या पेनस्टँडमध्ये खोचला. छान दिसत होता.

मग इतिहास शोधायला लागले, आणि तिथून जो गोंधळ सुरू झाला तो अजून संपलेला नाही. संगीतातले एक जाणकार म्हणाले, "दोन भोपळ्यांची वीणा! अशी वाद्यं जुन्या देवळांच्या भिंतींवर कोरलेली असतात. आपल्या सगळ्या वीणांची ही आजी." दुसरे म्हणाले, "छे, ती वेगळी. ही जंगलातली. भगत, म्हणजे त्यांचा पुजारी, कणसरीची गाणी म्हणताना वाजवतो. कणसरी म्हणजे धान्याची देवी. वाजवणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके." मी विचारलं, "पण जुनी किती?" तर पहिले म्हणाले हजार वर्षं, दुसरे म्हणाले कुणी लिहून ठेवलंय? मी दोघांचे आभार मानले आणि माझ्या शहाणपणाकडे वळले.

मी भोपळा उलटा केला. आतून पांढरा, ताजा. देठही काळवंडलेला नाही. पुरातन वस्तू तपासणाऱ्या तज्ज्ञांसमोर मी घांगळी ठेवली आणि म्हटलं, "साहेब, हा भोपळा शंभर वर्षांचा असेल का? मागच्या पावसाळ्यात हा वेलावर होता." त्यांनी बघितलं, काठी बघितली, तीही फार जुनी नव्हती, तारा तर चकाकत होत्या. दाखला मिळाला, 'ही वस्तू पुरातन नाही'. त्या दिवशी मी ऑफिसात समोसे वाटले. स्वतःवर इतकी खूश बाई मी नंतर आरशातही पाहिली नाही.

सामान सीएफएसला गेलं, तपासलं गेलं, इतर चार-पाच जणांच्या मालाबरोबर एका कंटेनरात भरलं गेलं. सील लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंटेनर बंदरात जाणार होता.

आणि त्या सकाळी ऑफिसात एक म्हातारं जोडपं आलं. जव्हारकडचे वारली. म्हाताऱ्याचं नाव जान्या, म्हातारीचं लखमी. प्रदर्शनाच्या पावतीवरून कामतांची बिल्डिंग शोधली आणि तिथल्या वॉचमनकडून आमचा पत्ता घेऊन आले होते. म्हातारी माझ्याशी बोलायच्या आधीच टेबलाशी थांबली.

"ही आमची पिसं," ती म्हणाली, आणि पेनस्टँडमधून झुबका उचलून कमरेला खोचला. विचारणं वगैरे काही नाही. माझी पेनं टेबलभर सांडली.

"घांगळी तुज्याकडं हाय का, बाय?"

"होती. गेली. तुम्हीच विकलीत ना?"

"मीच," ती म्हणाली. "त्याला इचार, बोल म्हण आता."

म्हातारा भिंतीकडे बघून मला म्हणाला, "तिला सांग, मी तिच्याशी बोलत नाय."

पंधरा दिवस तो बायकोशी बोलला नव्हता. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत. मी मधे खुर्चीवर बसून दोघांचा टेलिफोन झाले. हळूहळू कळलं ते असं. प्रदर्शनात लखमीआजी चित्रं विकायला बसायची, जान्याबाबा घांगळी वाजवायचा. तो कुठे पाणी प्यायला गेला असताना कामत आले, भाव विचारला, आणि आजीने घांगळी देऊन टाकली. फसवाफसवी काही नाही.

"मी म्हटलं काय जातंय," ती मला सांगत होती. "चाळीस वरसं बघतंय. भोपळा फुटला का नवा. काठी किडली का नवी. वेल मीच राखतंय कुडावर. हा बसल करत नवीन. त्या पैशाची शेळी घेतली, बाय. दूध देते."

"बरोबरच आहे की," मी म्हटलं. मला ती फार आवडली. मी दाखला मिळवताना जे बोलले होते तेच ती बोलत होती.

"तिला सांग," म्हातारा म्हणाला, "भात झोडून खळ्यात पडलंय."

हे मला कळलं नाही, तेव्हा आजीनेच खालच्या मानेने सांगितलं. नवं भात आलं की आधी कणसरीपुढे घांगळी वाजते, गाणं होतं, मग पाड्यावरची घरं नवं तोंडाला लावतात. त्याआधी नाही. आठ घरांचं भात पडून होतं. जुनं संपलं होतं. लोक दुकानातून आणून खात होते आणि पाणवठ्यावर गेली की बायका तिच्याकडे बघत होत्या, बोलत कुणी नव्हतं.

"दुसऱ्या पाड्याची आणा मागून," मी म्हटलं.

"ती त्यांची," म्हातारा म्हणाला.

"मग नवी करा! बाबा, मी बघितलीय तुमची घांगळी. भोपळा मागच्या वर्षीचा."

"हां. मीच लावला."

"काठी?"

"बापानं बदलली. मी बदलली. कीड लागते."

"तारा?"

"जव्हारच्या बाजारच्या."

"मग सात पिढ्यांचं काय आहे त्यात?" मी विचारलं. खरं तर मला जिंकायचं होतं.

त्याने नखाने माझ्या टेबलावर एक आडवी रेघ ओढली.

"मेण."

काठी बदलताना जुन्या काठीवरचं सगळं मेण खरवडून काढायचं. ऊन दाखवायचं. त्यात जंगलातल्या पोळ्याचं थोडं नवं मेण मळायचं आणि तो गोळा नव्या काठीवर बसवायचा. त्याच्या बापाने तसं केलं, बापाच्या बापाने केलं. तो पिढ्या मोजायला लागला, पाचव्या नावाला अडला. आजी म्हणाली, "देवजी." म्हातारा मला म्हणाला, "तिला सांग, देवजी चुलता व्हता." ती म्हणाली, "त्याला सांग, चुलता सोमा व्हता." तो भांडणाचा भाग मी गाळते.

"नवं मेण आंधळं असतं," तो म्हणाला. "जुन्यात मळलं का जुनं त्याला वाट दावतं. सूर कुठं हाय ते."

लखमीआजी माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा झाला होता की मला हसू आवरेना. "बघ! चाळीस वरसं घरात हाय मी. आणि हे आज सांगतो. ते पन तुला!"

मी उठून गॅलरीत गेले. समोर पामबीच रोडवरून गाड्या चालल्या होत्या आणि माझ्या डोक्यात सगळं उलटंपालटं. मी दाखला मिळवताना भोपळा दाखवला होता, काठी दाखवली होती. मेणाकडे कुणी बघितलंच नव्हतं, मीही नाही. मग दाखला खोटा ठरला का? पण बहुतेक घांगळी तर खरोखरच नवी. आणि मेण तरी जुनं कसं म्हणायचं? त्यात पिढीपिढीला नवं मळलेलं. आता मी 'वस्तू जुनी आहे' असं लिहिलं तर सगळा माल अडकेल, घांगळी तपासणीसाठी जप्त होऊन कुठल्या कपाटात किती वर्षं पडेल देव जाणे. 'नवी आहे' म्हटलं तर उद्या बोटीत. दोन्हीकडून आठ घरांचं भात खळ्यातच.

कामतांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"पाटीलबाई, मी रीतसर विकत घेतलीय हो," कामत दुखावले. "बायकोने हॉलमधली जागासुद्धा ठरवलीय."

"खरं हाय," आजी फोनला तोंड लावून ओरडली. "मीच दिली. तुजी शेळी परत देते!"

"शेळी? मेलबर्नला?"

तेवढ्यात म्हातारा पुढे सरकला. तो फोनशी बोलला नाही, माझ्याशीच बोलला. "त्याला सांग, भोपळं ठेव. काठी ठेव, तारा ठेव. आमाला मेण दे."

कामत मोकळं हसले. "मेण? एवढंच? अहो, घ्या की!"

कामतांना वाटलं आपण स्वस्तात सुटलो. जान्याबाबालाही तेच वाटलं, त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दोघांपैकी एक जण साफ फसला होता आणि तो कोण, हे मला त्या दिवशी कळेना. आजही कळत नाही. सगळीच्या सगळी परत द्याल का, असं मी कामतांना विचारूनही बघितलं नाही. चांगला माणूस होता, कदाचित दिली असती. पण खोकं काढून घ्यायचं तर अख्ख्या सामानाचे कागद बदलावे लागले असते, बोट चुकली असती, आणि मी सोपं ते केलं. ते आपलं टोचतं अधूनमधून.

आता अर्ज. सील तोडायला कारण हवं. 'सात पिढ्यांचं मेण काढायचं आहे' असं लिहिणं म्हणजे स्वतःच्या दाखल्यावर स्वतः पाणी ओतणं. तीन कागद फाडले. एका नंबरात जग बसवणारी ती बाई एका मेणाच्या गोळ्यापुढे घामाघूम झाली होती. शेवटी लिहिलं, 'वाद्यावर मधमाश्यांचं कच्चं मेण असल्यामुळे माल पोहोचण्याच्या देशात अडचण येण्याची शक्यता आहे. सबब ते काढून घेण्याची परवानगी मिळावी.' मेणा-बियांवरून ऑस्ट्रेलियात फार कटकट होते, हे आमच्या धंद्यात सगळेच म्हणायचे. म्हणजे अर्जात एक शब्द खोटा नव्हता. इतकं खरं आणि इतकं लबाड वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही.

कस्टमच्या साहेबांनी वाचलं. "मेण आधी दिसलं नव्हतं, बाई?"

"दिसलं होतं साहेब. कळलं नव्हतं."

"आणि हे दोघं कोण?"

"मेण काढणारे तज्ज्ञ."

त्यांनी म्हातारीच्या कमरेच्या मोरपिसांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. स्वतः हजर राहिले. त्यांचे उपकार.

दुपारी सीएफएसच्या शेडमध्ये सील तोडलं. कामतांचं खोकं आतल्या टोकाला, म्हणजे आधी दुसऱ्यांचे गालिचे, पितळी दिवे, मशीनचे भाग, सगळं बाहेर. हमालांचा मुकादम म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं मेणासाठी? बाजारात आणून दिलं असतं की पावशेर." मी म्हटलं, "अरे बाबा, मलापण हेच वाटलं होतं."

घांगळी बाहेर आली. मला वाटलं, म्हातारा तिला छातीशी धरील, डोळे भरून येतील. त्याने ती आडवी धरून नीट बघितली, कुठे आपटलीय का, आणि खाली बैठक मारली.

"एकदा वाजवा ना, बाबा," मी म्हटलं. इतका खटाटोप केल्यावर निदान ऐकायला तरी मिळावं.

त्याने आजूबाजूला बघितलं. "भाताबिगर?"

मुकादम म्हणाला, "शेजारच्या गाळ्यात बासमती हाय की, पोतीच्या पोती."

"तो विकायचा," म्हातारा म्हणाला, आणि अंगठ्याच्या नखाने पहिला उंचवटा उकरायला लागला.

तासभर तो खरवडत होता. लोखंड लावलं नाही, चाकू देत होतो तो घेतला नाही. एकेक तुकडा निघाला की तो हाताने चाचपायचा आणि पुढे करायचा, न बघता, आणि लखमीआजी तळहातावर घ्यायची. हमाल चहा प्यायला गेले, परत आले, साहेबांनी घड्याळ बघितलं. शेवटी काठीवर पुसट काळे डाग राहिले आणि आजीच्या तळहातावर चिंचोक्याएवढे दहा-बारा तुकडे. तिने ते दोन्ही हातांनी मळून एक गोळा केला. लिंबाएवढासुद्धा नाही. मी वास घेऊन बघितला. धूर, मध आणि माणसाच्या हाताचा वास.

घांगळी खोक्यात, खोकं कंटेनरात, नवं सील. माझा दाखला आता तरी पुरता खरा झाला. की आधीही खराच होता? पुढे कामतांनी मेलबर्नहून फोन केला, हॉलमध्ये लावलीय, पाहुणे विचारतात, पण तार छेडली की नुसता घों आवाज येतो, सूर सापडत नाही. "घांगळीच आहे ना हो ही, पाटीलबाई?" मी म्हटलं, "कागदावर तर आहे." ते हसले. मी विनोद केला नव्हता.

माझी नात म्हणते, आजी, सरळ सांग ना, मेण म्हणजेच घांगळी. सांगितलं असतं. पण मेण तर वाजत नाही. काठीही नुसती वाजत नाही. मी बावीस वर्षं वस्तूंना नंबर दिले आणि या एका वस्तूचं वस्तूपण कुठे होतं ते मला सांगता येत नाही. माझा बाप मिठाबद्दल असंच काही म्हणायचा तेव्हा मी त्याला अडाणी म्हणायचे.

ते जाऊ दे. त्या संध्याकाळचं सांगते. मी त्यांना ठाण्याच्या बसला बसवायला स्टॉपपर्यंत गेले. दिवसभर मधला टेलिफोन मीच होते, आता गप्प उभी होते. आजीने मेण उजव्या मुठीत धरलं होतं. जान्याबाबाने खिशातून कापडाची पुरचुंडी काढली आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "दे इकडं. यात ठेवतो."

मी इकडेतिकडे बघितलं. तो माझ्याशी बोलत नव्हता.

"नाय," आजी म्हणाली. "चाळीस वरसं तू ठेवलंस. आन मला भोपळं राखाय लावलंस."

"ऊब लागून मऊ व्हईल."

"व्हऊ दे. जरा वळख व्हऊ दे त्याची नि माजी."

बस आली. दांडी धरायला हात हवा, पण ती मूठ उघडेना; एका हाताने लोंबकळली. म्हाताऱ्याने तिला मागून ढकललं. "चढ गो, म्हातारे. भात वाट बघतंय." दोघं आत गेली. खिडकीतून मला दिसलं, कंडक्टरने तिकिटासाठी हात पुढे केला, तेव्हा तिने मूठ पोटाशी घट्ट धरली आणि नवऱ्याकडे मान उडवली.